लिव्हर एस्प्रेसो यंत्रावर दूध वाफवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत भाट्याच्या खाडीजवळ आमचं घर आहे. दांडा हाताने ओढून कॉफी काढायचं छोटं यंत्र गेली सहा वर्षं आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहे. अशी यंत्रं घेतलेले ओळखीचे लोक आता दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत झालेत, आणि फोन येतो तो बहुतेक वेळा दुधासाठी. कॉफी महिन्याभरात जमते, दूध मात्र रडवतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

लिव्हर यंत्रावर दूध वाफवणं वेगळं का पडतं?

कॅफेतल्या मोठ्या यंत्राचा बॉयलर कित्येक लिटरचा असतो, तिथे वाफ संपत नाही. घरगुती लिव्हर यंत्राचा बॉयलर लहान. ला पाव्होनीचं युरोपिकोला हे 1961 पासून बनत आलेलं यंत्र घ्या, त्याची टाकी जेमतेम 0.8 लिटरची. त्याच कंपनीच्या प्रोफेशनलची त्याच्या दुप्पट. कॉफीचं पाणीही त्याच टाकीतून आणि दुधाची वाफही त्याच टाकीतून. म्हणजे तुमच्याकडे वाफेची एक ठरावीक पुंजी असते आणि एका जगाचं, म्हणजे दूध वाफवायच्या भांड्याचं, दूध त्या पुंजीत, एका दमात, पूर्ण व्हायला हवं. मध्येच थांबलात, वाफेची नळी काढलीत, पुन्हा घातलीत, तर दाबही गेला आणि फेसही गेला. यंत्र सुरू करण्यापूर्वीची तयारी इथे अर्ध्याहून जास्त काम करते, असं माझं ठाम मत आहे.

फ्लेअर किंवा रोबोट या नावांच्या दांड्याच्या यंत्रांना बॉयलरच नसतो. त्यांच्यातून वाफ मिळत नाही. दुधासाठी वेगळी सोय करावी लागते.

दाबाचा काटा 1 बारवर गेला तरी वाफ लुळी येते. यंत्र बिघडलंय का?

बहुधा नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

थंड यंत्र सुरू करता तेव्हा टाकीत पाण्यावर हवा भरलेली असते. पाणी तापलं की ती हवाही तापते, फुगायला बघते, पण तिला जायला वाट नसते. दाबाचा काटा ती हवा आणि वाफ दोन्ही मिळून दाखवतो. काट्याला 1 बार दिसतो, पण आत वाफ त्या मानाने कमी आणि पाणीही हवं तेवढं तापलेलं नसतं. खऱ्या वाफेचा 1 बार असेल तर पाणी साधारण 120 अंशांवर असतं, 0.8 बारला साधारण 117. हवा अडकलेली असताना तोच काटा त्याहून कितीतरी थंड पाण्यावर तिथे पोचतो. तुम्ही कॉक उघडता, दोन-चार सेकंद फुसकन हवा जाते आणि काटा धाडकन खाली येतो.

उपाय सोपा आहे. काटा अर्ध्या बारच्या आसपास आला की नळीखाली ओलं फडकं धरून वाफेचा कॉक उघडा. आधी गप्प हवा येईल, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सलग फुत्कार. तो फुत्कार एकसारखा झाला की पाच-सहा सेकंदांनी कॉक बंद करा आणि दाब पुन्हा पूर्ण चढू द्या. कुकरची शिट्टी लावण्याआधी आपण वाफेची धार येऊ देतो ना, तेच हे. ज्यांच्या यंत्राला काटाच नाही त्यांनी तर हे कधीच चुकवू नये.

याशिवाय प्रत्येक वेळी दुधात नळी घालण्याच्या अगदी आधी एकदा कॉक उघडून मिटायचा. नळीत साचलेलं पाणी फडक्यात पडलं पाहिजे, दुधात नाही.

टाकी किती भरायची?

टाकीतलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत तीन चतुर्थांश. काठोकाठ भरली तर वाफेला जागा उरत नाही आणि नळीतून वाफेबरोबर पाणी उडतं. मोदकपात्रात पाणी जास्त झालं की खालचे मोदक चिकट होतात, तसंच. आणि पाणी काचेच्या तळाशी दिसेनासं होईपर्यंत तर कधीच थांबू नका. तापणारं कॉइल उघडं पडलं की जळतं.

टाकीचं झाकण दाब असताना उघडू नका. यंत्र बंद करायचं, वाफेच्या कॉकमधून सगळा दाब सोडायचा, काटा शून्यावर आणि फुत्कार पूर्ण थांबल्यावरच झाकणाला हात. यात घाई करण्याजोगं जगात काही नाही.

आधी कॉफी की आधी दूध?

मी आधी कॉफी काढतो. वाफवलेलं दूध थांबत नाही. अर्ध्या मिनिटात फेस वर आणि दूध खाली असे दोन थर होतात. कॉफी तेवढा वेळ कपात तग धरते. उलट क्रमाने करणारेही आहेत, पण त्यांना जगातलं दूध सतत फिरवत राहावं लागतं.

दूध कुठलं घ्यावं? म्हशीचं चालतं का?

चालतं, आणि नीट जमलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. पण शिकायला ते घेऊ नका.

फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं. हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती ती पातळ पापुद्रा करतात. स्निग्धांश तोंडात गुळगुळीतपणा आणतो, पण बुडबुड्यांच्या बाबतीत तो थोडा आड येतो. पिशवीवर लिहिलेलं वाचा : टोन्ड दुधात स्निग्धांश 3 टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये 4.5, फुल क्रीममध्ये 6. टोन्डचा फेस पटकन आणि भरपूर येतो, चवीला मात्र पोकळ. फुल क्रीमचा फेस कमी, पण रेशमी. शिकताना स्टँडर्डाइज्ड किंवा गाईचं पिशवीतलं दूध घ्या, ते चुका पोटात घालतं.

आमच्याकडे रतीबाचं म्हशीचं दूध येतं. ते कच्चं वापरायचं नाही, आधी उकळायलाच हवं. उकळून, झाकण न लावता गार करून, मग फ्रीजमध्ये रात्रभर. सकाळी वरची जाड साय अलगद काढून बाकीचं दूध बारीक गाळणीतून गाळायचं. गाळणं टाळलंत तर सायीचा एखादा तुकडा नळीच्या भोकात जाऊन बसतो, आणि कपात ओतताना रेषेच्या मधोमध गाठ येते. पिशवीचं दूध होमोजिनाइज्ड असेल तर त्याची साय अशी सुटत नाही, म्हणून ते सोपं. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, वाफवण्याआधी ते पुन्हा उकळायची गरज नाही. एक उकळी देऊन मग वाफवलं की चवीला शिजट लागतं.

दूध शिळं नसावं. दुपारी आणलेल्या, सायकलला टांगून हिंदकळत आलेल्या दुधाचाही फेस बसका येतो. स्निग्धांशाचे कण फुटून त्यातली आम्लं सुटी होतात आणि ती बुडबुडे फोडतात.

दूध किती गार हवं?

फ्रीजमधून काढलेलं, थेट. जगसुद्धा फ्रीजमध्ये ठेवा. एप्रिल-मे महिन्यात आमच्या ओट्यावर दहा मिनिटं राहिलेलं दूध कोमट होतं, आणि मग फेस आणायला वेळच उरत नाही. हवा आत घालायची ती दूध गार असतानाच. कोमट झाल्यावर घातलेली हवा बारीक होत नाही.

नळी नेमकी कुठे आणि किती खोल धरायची?

आता खरा मुद्दा.

साधारण 350 मिलीचा स्टीलचा जग घ्या, त्यात 120 ते 150 मिली दूध. चोच सुरू होते तिथवर, त्याहून जास्त नाही. नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडेल असं धरा, मधोमध नाही, कडेपासून बोटभर आत. जग किंचित कलता. मग कॉक उघडा, आणि उघडायचा तो पूर्ण. अर्धवट कॉक ठेवून भित्र्या वाफेने दूध नुसतं तापतं, फिरत नाही.

पहिल्या पाच-सात सेकंदांत कान द्या. जुनं सुती धोतर टरकावल्यासारखा बारीक, तुटक आवाज यायला हवा. तो आवाज म्हणजे हवा आत जातेय. तो तुटक आवाज नसेल आणि नळी किंचाळत असेल तर टोक फार खोल आहे; भसाभसा बुडबुडे उडत असतील तर टोक वर आलंय. दूध वर चढेल तसा जग केसभर खाली न्यायचा, म्हणजे टोक पृष्ठभागापाशीच राहील. जगाच्या बाहेरून हात कोमट लागला की हवा बंद. ‘लाटे’ या जास्त दुधाच्या कॉफीसाठी दूध चतुर्थांश वाढलं तरी पुरे, कापुचिनोसाठी जवळजवळ दीडपट.

त्यानंतर जग थोडा वर घ्या, टोक सेंटीमीटरभर बुडू द्या, आणि दुधाचा भोवरा होतोय का बघा. आपण ताक घुसळतो तेव्हा रवीभोवती ताक कसं आत ओढलं जातं, तसं दूध एका बाजूला खाली खेचलं गेलं पाहिजे. मोठे बुडबुडे भोवऱ्यात जातात आणि बारीक होऊन बाहेर येतात. भोवरा होत नसेल तर टोक फक्त अर्धा सेंटीमीटर डावी-उजवीकडे सरकवून बघा. जागा सापडली की हाताला कळतं, जग हलायचा थांबतो आणि आवाज घुमा होतो. यानंतर हात हलवायचा नाही. आधी कॉक बंद, मग नळी बाहेर. उलट केलंत तर अंगावर दूध उडेल.

दोनदा जग ओट्यावर हलकेच आपटा, गोल फिरवा. शहाळ्यातली कोवळी मलई कशी चमकते आणि थरथरते, तसा पृष्ठभाग दिसला की दूध झालं. लगेच ओता. या सगळ्याला अर्धं ते पाऊण मिनिट लागतं.

थर्मामीटर घ्यावा का?

पहिला महिना घ्या, मग ठेवून द्या. थांबायचं ते 60 ते 65 अंशांदरम्यान. त्या टप्प्यावर दूध सगळ्यात गोड लागतं. 70 च्या पुढे प्रथिनं शिजतात, फेस कोरडा पडतो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो.

हाताने ओळखायचं तर तळहात जगाच्या बुडाशी ठेवा. हात टेकवून ठेवणं अशक्य झालं की साधारण 55 झाले. तिथून तीन-चार सेकंद आणि बंद. थर्मामीटरही थोडा मागे असतो हे लक्षात ठेवा : काटा 60 दाखवेपर्यंत दूध पुढे गेलेलं असतं.

आपल्याकडची एक अडचण मात्र खरी आहे. घरातल्या मोठ्यांना 60 अंशांची कॉफी गारढोण वाटते. ओठ भाजला नाही तर ती कॉफीच नव्हे. माझ्या आईसाठी मी कप आधी कढत पाण्याने भरून ठेवतो आणि दूध 65 ला थांबवतो. कप गरम असला की तिची तक्रार नसते.

साबणासारखा फेस वर आणि खाली नुसतं दूध, असं का होतं?

हवा जास्त गेली आणि उशिरापर्यंत जात राहिली. तो तुटक आवाज पाच-सात सेकंदांनी थांबवा. लहान यंत्राची वाफ कमी म्हणून जास्त वेळ हवा घालावी लागेल असं वाटतं, पण तसं नाही.

फेस येतच नाही.

जग भांड्यांच्या साबणाने घासलाय का? साबणाचा पुसट थरसुद्धा फेस मारतो. भरपूर पाण्याने विसळा. तरीही येत नसेल तर दूध बदलून पाहा.

दूध पाणचट लागतं.

वाफ दुधात जाऊन पाणीच होते, त्यामुळे थोडं पाणी वाढणारच. हिशोब करून बघा : 150 ग्रॅम दूध 5 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 32 किलोज्यूल उष्णता लागते, आणि एक ग्रॅम वाफ दुधात विरघळून थंड होताना साधारण 2.4 किलोज्यूल देते. म्हणजे तेरा-चौदा ग्रॅम पाणी, शेकडा नऊच्या आसपास. हे टळत नाही. पण वाफ ओली असेल तर यावर आणखी दोन-तीन चमचे पाणी जातं, आणि तेच जिभेला कळतं. हवा सोडणं, नळी साफ करणं, टाकी कमी भरणं ही तिन्ही कामं केलीत की फरक पहिल्याच कपात जाणवेल. शंका असेल तर जग आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. वीस ग्रॅमहून जास्त वाढ दिसली तर वाफ ओली आहे.

नारळाचं दूध वाफवता येईल का? घरात नारळ ढीगभर आहेत.

मीही याच आशेने कितीतरी नारळ खवले. सोलकढीला काढतो तसा घट्ट रस वाफेवर फुटतो : तेलकट थर वर, पाणी खाली. त्यात प्रथिनं इतकी कमी की फेस धरला जात नाही. कॉफी आंबटसर भाजणीची असेल तर आणखी लवकर फुटतो. नारळाचीच चव हवी असेल तर गाईच्या दुधात चार चमचे घट्ट रस मिसळून वाफवा. फेस थोडा कमी येतो, पण सुवास सुरेख. बाजारातलं सोयाचं किंवा ओट्सचं दूध फेसाला त्याहून बरं.

साखर आधी घालावी का?

नको, कपात घाला. वाफवताना साखर नळीवर चिकटून करपते.

नळीच्या टोकाला तीन भोकं आहेत. काही लोक त्यातली बुजवतात, ते का?

लहान टाकीला तीन भोकांची धार पेलत नाही किंवा दूध इतक्या झपाट्याने तापतं की हवा घालायला वेळ मिळत नाही, म्हणून. एक भोक लाकडी टूथपिकचं टोक खोचून बंद करतात. आधी तसं करून बघा. धार एकवटते आणि भोवरा सोपा जातो. आवडलं तर मग एका भोकाचं टोक विकत घ्या.

भोकं साफ करायला मी खराट्याची नवी हीर धुऊन वापरतो. यंत्र थंड असताना टोक काढून गरम पाण्यात भिजवायचं आणि हिरीने भोक मोकळं करायचं. सुई वापरली तर भोक मोठं होतं.

वाफवून झाल्यावर काय करायचं?

लगेच ओल्या फडक्याने नळी पुसा आणि सेकंदभर वाफ सोडा. लगेच म्हणजे ओतण्याआधी. वाळलेलं दूध मग घासणीलाही दाद देत नाही.

आणि यंत्र बंद करताना नळीचं टोक कशातही बुडालेलं नाही याची खात्री करा. पहिल्या पावसाळ्यात माझ्याकडून ही चूक झाली. वाफवता वाफवता लाइट गेले, मी खिडक्या लावायला धावलो आणि नळी तशीच जगात, कॉक उघडा. परत येऊन बघतो तर जग रिकामा. टाकी थंड होताना आतली वाफ आटते, पोकळी होते आणि ती नळीतून दूध वर ओढते. दोन दिवसांनी यंत्रातून नासक्या दुधाचा वास येऊ लागला तेव्हा कुठे उलगडा झाला. पाच-सहा वेळा टाकी भरून, तापवून, रिकामी केली, सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी फिरवलं, तरी तो वास जायला आठवडा लागला. तेव्हापासून लाइट गेले की माझा हात आधी कॉककडे जातो.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालेल का?

पंखे-दिव्यांसाठी बसवलेल्या घरगुती इन्व्हर्टरवर लावू नका. दांडा हाताचा असला तरी कॉइल साधारण हजार वॅटचं आहे. अर्थिंग असलेला प्लग हवा, आणि पावसाळ्यात ओटा कोरडा. भर जुलैत आंबा घाट बंद पडून दुधाची गाडी अडकते तेव्हासाठी मी टेट्रा पॅकचे दोन डबे कपाटात ठेवतो. उघडेपर्यंत त्यांना फ्रीज लागत नाही. फेस हमखास येतो, चव थोडी शिजट.

विहिरीचं पाणी टाकीत घातलं तर?

जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं, त्याचा क्षार फारसा धरत नाही. पण खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि ते खारं पाणी पितळेला आणि स्टीलला खातं. आमच्या विहिरीचं पाणी मार्चपासून मी यंत्रात घालत नाही. बाहेरून खारा वारा क्रोमवर ठिपके पाडतोच. रोज कोरड्या फडक्याने पुसणं एवढंच आपल्या हातात आहे.

गणपतीत घर भरलेलं असतं. दहा कप कसे करायचे?

छोट्या यंत्रावर करू नका. चार कपांच्या पुढे यंत्राचं डोकं, म्हणजे कॉफी जिथून निघते तो भाग, इतकं तापतं की कॉफी करपट निघते, आणि टाकी भरायची तर दाब सोडून सगळं पहिल्यापासून. मुंबईहून आलेल्यांना चहा द्या, आणि ज्यांना कॉफीच हवी त्यांना आरती झाल्यावर, दोघादोघांना बोलावून द्या. दोन कपांचं दूध एका जगात, 250 मिलीपर्यंत, प्रोफेशनलसारख्या मोठ्या टाकीवर जमतं.

सराव किती करावा लागेल? दूध फार वाया जातं.

सरावाला दूध नको. जगात गार पाणी घ्या आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाका. तो बराचसा दुधासारखा फेस धरतो, भोवरा दिसतो, आवाजही तोच. रोज तीन-चार वेळा, आठवडाभर. चव बघता येत नाही एवढंच. नंतर जग आणि नळी भरपूर पाण्याने धुवा. साबण उरला तर वर सांगितलंच आहे.

वाफवून उरलेलं दूध पुन्हा वाफवू का?

नाही. त्यातली प्रथिनं एकदा तापली, पाणीही वाढलं. दुसऱ्यांदा फेस जाडाभरडा येतो. आमच्याकडे ते लगेच झाकून फ्रीजमध्ये जातं आणि संध्याकाळच्या चहात संपतं.